पुस्तकात नसलेला धवला

आये,

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुला पत्र लिहायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले, कारण ठाण्याच्या शाळेत जायला लागल्यापासून चारचौघांत मी तुला ‘आई’ म्हणायचे आणि ‘आये’ फक्त घरात, तेही दार लोटलेलं असलं तर. एकाच आईला दोन हाका कशाला, असं तू कधी विचारलं नाहीस. चौतीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं, त्यांच्या वह्यांवर लाल शाई ओतली. माझ्या स्वतःच्या एका वहीबद्दल मात्र मी आजवर कुणाशी बोललेले नाही. ती तुझ्या गाण्यांची वही. ती जशीच्या तशी उतरवलेली आहे असं तू धरून चाललीस, आणि मी तुला तसं धरून चालू दिलं.

त्या वहीवरून छापलेलं पुस्तक माझ्या कपाटात आहे. प्रस्तावनेत लिहिलंय की ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी लोकांत लग्नाचे विधी धवलारीण नावाची बाई धवले गाऊन पार पाडते आणि हे धवले एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जातात. तुला विचारलं असतं तर तू एवढं लांबण लावलं नसतंस. बाई गाते तेव्हा लग्न लागतं, एवढंच म्हणाली असतीस. हळद दळायची तर तिचा धवला, मांडवाची मेढ रोवायची तर तिचा, देवांना बोलवायचं तर त्यांचा. दिवसभर मिठागरावर टोपल्या वाहायच्या आणि बोलावणं आलं की डोक्याला तेल लावून निघायचं, माजिवड्याला, कळव्याला, शिळेकडच्या गावांना, एकदा तर बैलगाडीतून आंबिवलीच्याही पुढे. मी तुझ्या कडेवर. बा तापानं गेला तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्याचा चेहरा मला आठवत नाही. पाय आठवतात, मिठानं चिरलेले आणि घोट्यापर्यंत करडा चिखल सुकलेले. तो गेल्यावरही तुझी बोलावणी थांबली नाहीत, कारण तुझ्याइतके धवले खाडीच्या दोन्ही अंगांना कुणाला येत नव्हते. मी तुझ्या मांडीवर झोपून गाणं ऐकायचे, म्हणजे कानानं कमी आणि तुझ्या पोटाला लावलेल्या गालानं जास्त. तेव्हा मला तुझी लाज वाटत नव्हती.

ती कुठून सुरू झाली ते मला नेमकं सांगता येतं. कल्याणला मामा खाडीवर रेतीच्या होड्यांवर कामाला होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या थंडीत बाजारामागच्या मैदानात तंबूतला सिनेमा आलेला, आणि मामा आपल्याला संध्याकाळच्या खेळाला घेऊन गेला. मधे कापड लावून बाप्यांची बाजू वेगळी आणि बायकांची वेगळी, खाली पोती अंथरलेली. पडद्यावर एका राजाच्या मुलीची गोष्ट चाललेली. ती किती नाजूक बोलायची, आये. प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यागत. मी तोंड उघडं टाकून बघत होते. आणि मग तिचं लग्न आलं. वाजंत्री, हार, वरून फुलं. तू मघापासून चुळबुळ करायला लागली होतीस. मला कळत होतं तुझं काय चाललंय ते. हळद नाही, मेढ नाही, देवांना बोलावणं नाही, समोर एका पोरीचं लग्न असंच उरकतायत आणि धवलारीण हजर असून गप्प बसली आहे. तू डोक्यावरून पदर घेतलास आणि देवांना बोलवायचा धवला सुरू केलास.

तुझा आवाज मांडवाबाहेर चार घरं ऐकू जाणारा. तंबूत तो कुठे मावणार? बाप्यांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या, कुणी तरी चित्रपट बंद करा, हिचाच खेळ बरा आहे, असं ओरडलं, आणि सगळा तंबू हसला. दोन म्हाताऱ्या मात्र मागून तुला साथ द्यायला लागल्या, त्या आपल्यातल्याच असणार. मी काय केलं? मी गुडघ्यांवर सरकत तुझ्यापासून लांब गेले. बॅटरी घेतलेला माणूस आला, त्यानं माझ्या तोंडावर उजेड मारला आणि ही पोर कुणाबरोबर आहे म्हणून विचारलं. माझ्या शेजारी एक नाकात नथ घातलेली, चापूनचोपून लुगडं नेसलेली बाई बसली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. त्या बाईनं लुगड्याचा घोळ जरा आपल्याकडे ओढून घेतला. मी वळून पाहिलं तेव्हा तू गाणं थांबवून माझ्याकडेच बघत होतीस. परतीच्या वाटेवर मामा तुला खूप बोलला. तू मला थंडी वाजते का एवढं विचारलंस आणि तुझ्या पदराखाली घेतलंस. दुसऱ्या दिवशी बकऱ्यांच्या गोठ्यात एकटी उभी राहून मी राजाच्या मुलीसारखं बोलून बघत होते.

पुढे मी ठाण्याच्या मुलींच्या शाळेत गेले. तिथल्या मराठीच्या बाईंनी मला वेड लावलं. त्या तलावाजवळ राहायच्या आणि दर रविवारी मला पुस्तकं वाचायला घरी बोलवायच्या. दुपारभर मी त्यांच्या ओसरीवर पालथी पडून वाचत असायचे. त्या पुस्तकांत आया फार होत्या. कुणी सांजवात लावायची, कुणी गोष्टी सांगायची, कुणी मुलाला ‘बाळ’ म्हणून जवळ घ्यायची. त्यांतली एकही मीठ वाहत नव्हती. बोंबील भाजताना डोळे चोळत शिव्या देणारी तर नव्हतीच. मला वाटायचं, आई म्हणजे हे असतं, माझ्या घरी आहे ते काहीतरी दुसरंच आहे. एका रविवारी तू आगरावरून परस्पर मला न्यायला आलीस. बाईंनी ग्रामोफोन लावला होता, कुणी गायिका संथ गात होती. तू पायरीशीच उभी राहिलीस आणि गाणं संपल्यावर बाईंना विचारलंस, “कोनाचा लगीन हाय?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की लग्न कुणाचंच नाही, हे नुसतं ऐकायला असतं.

“मंग ती कोनासाठी गाते?”

तो प्रश्न किती खरा होता, हे मला आज समजतं. तेव्हा मी खाली मान घालून त्यांच्या स्वच्छ फरशीवर उमटलेली तुझी मिठाची पांढरी पावलं बघत होते आणि तू लवकर निघावंस म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते. बाईंनी तुला गायला सांगितलं. लग्न नसताना धवला म्हणायचा नसतो, तो रिकाम्या मांडवात घुमतो आणि वाईट होतं, असं सांगून तू मला घेऊन निघालीस.

पण बाईंनी ते सोडलं नाही. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ बायकांच्या गाण्यांचा संग्रह करत होते. दिवाळीच्या सुटीत तू आईचे धवले उतरवून आण, असं त्यांनी मला सांगितलं आणि एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही दिली. मी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं तू नाही म्हणशील, आणि मनातून मला तेच हवं होतं. दोन दिवस तू आगरावर जाऊन येत राहिलीस. तिसऱ्या दिवशी ओट्यावर तांदूळ पाखडता पाखडता म्हणालीस की तुळशीचं लग्न तर आहेच, तिलाच सगळं गाईन. एका रोपट्यासाठी तीन दिवसांचं लग्न तू मांडलंस. अंगणात उंबराची मेढ रोवली. जात्यावर हळद दळली. गल्लीतल्या बायका आधी थट्टा करत आल्या आणि मग खरंच कामाला लागल्या, कुणी तांदूळ निवडले, कुणी उसाचा मांडव घातला. मी पायरीवर वही घेऊन बसलेले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “जसा येल तसा लिव. येकाला जरी सोडलास तं तो मांडवाभाईर र्‍हाईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मेलेल्यांना बोलवायचा धवला घेतलास. ज्या घरचं लग्न त्या घरची गेलेली माणसं एकेक करून नाव घेऊन बोलवायची, हे मी शंभर लग्नांत ऐकलेलं. पण या वेळी लग्न आपल्या घरचं होतं. आजा झाला, आजी झाली, पाण्यात गेलेला काका झाला. मग तू थांबलीस. बायकाही थांबल्या, कारण पुढचं नाव बाचं होतं, आणि तू त्याचं नाव जन्मात कधी घेतलं नव्हतंस. नवऱ्याचं नाव कोण घेतं? पण न घ्यावं तर तो बाहेर राहणार. तू डोळे मिटलेस आणि त्याचं नाव घेतलंस. मी तुझ्या तोंडून ते त्या एकाच वेळी ऐकलं. मग धवल्यात तू त्याला सांगितलंस की आगरावरनं परस्पर ये, चिखलाचे पाय धुवायला थांबू नकोस, अंगण तुझंच आहे, पोर मोठी झाली तिला बघायला तसाच ये. बायका डोळे पुसत होत्या. माझी पेन्सिल चालत नव्हती. मला रडू येत होतं, हे खरं आहे. पण त्याच वेळी डोक्यात येत होतं की हे बाई वाचतील, ते गृहस्थ वाचतील, छापून आलं तर वर्गातल्या मुली वाचतील की हिच्या बापाचे पाय चिखलाचे होते. हेही खरं आहे.

मी त्या तीन दिवसांत लिहिलं ते कच्चं. पक्की वही मी शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी बाईंच्या ओसरीवर केली. तिथे तू नव्हतीस, मांडव नव्हता, भोवती सगळी पुस्तकं होती. मी आधी एक शिवी गाळली. मग विहिणींची थट्टा गाळली. मासळीची नावं काढून फुलांची घातली, खाडीच्या जागी गंगा आणली. मला वाटत होतं मी तुझ्यावर उपकार करते आहे. मेलेल्यांच्या धवल्याला आले तेव्हा माझा हात चांगला चालायला लागला होता. एकाही माणसाचं नाव मी ठेवलं नाही. नावांच्या जागी ‘थोर पितर’ लिहिलं, त्यांना चंदनाचं पाणी दिलं, चांदीच्या पाटावर उभं करून त्यांचे पाय धुवायला लावले आणि मगच मांडवात घेतलं. यमकं छान जुळली. बाईंनी वाचलं, खूश झाल्या, आणि तरी त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं की आई अगदी असंच म्हणते ना. त्या चांगल्या होत्या, आये. त्यांनी मला काहीच बदलायला सांगितलं नव्हतं. मी हो म्हणाले. कच्चे कागद घरी येऊन चुलीत घातले, आणि तू त्यावर भात शिजवलास.

पुढच्या वर्षी पुस्तक छापून आलं. मी घरी आणलं तेव्हा तू हात धुऊन, पदराला पुसून ते घेतलंस आणि उलटंच धरलंस. मी सरळ करून दिलं. तू म्हणालीस वाच. कुठलं वाचू विचारलं तर तू अंगणाकडे बघितलंस, तेव्हा मला कळलं कुठलं ते. मी ते पान काढलं. डोळे छापलेल्या ओळींवर ठेवले आणि तोंडानं तुझा धवला म्हटला. मला तेव्हा तो पाठ होता. बाचं नाव घेतलं, चिखलाचे पाय घेतले, सगळं पानावर बोट फिरवत वाचल्यासारखं केलं. तू पानाकडे बघत होतीस. माझं बोट जिथे थांबलं होतं तिथे तू तुझं बोट ठेवलंस आणि विचारलंस की तो इथे आहे का. मी म्हणाले, हो, तिथेच. तिथे ‘चंदन’ छापलेलं होतं. त्या दिवशी तू इतकी आनंदात होतीस की सगळ्या गल्लीला गूळ वाटलास. अजूनही रोज सकाळी आंघोळ करताना मला तो गूळ आठवतो आणि मी पाण्याचा तांब्या घाईनं डोक्यावर ओतते.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती पोरीची एक खोटी गोष्ट झाली असती. पण तुझ्याकडे धवले शिकायला चुलत वहिनी यायची. ती भाबडी, हळू पाठ करणारी, एकेक धवला तिला महिना पुरायचा. पुस्तक आल्यावर तू तिला म्हणायला लागलीस की घाई कशाला, आता कागदावर सगळं आहे, ही पोर वाचून देईल. ती सोपे सोपे धवले शिकत राहिली आणि बाकीचं तिनं पुस्तकावर सोडलं. मी तिथेच बसलेली असायचे. मला बोलायला जागा होती, दिवसाला दहा वेळा होती. दोन वर्षांनी पावसाळ्यात तू चार दिवसांच्या आजारात गेलीस. शेवटच्या दिवशी तू माझ्याकडे पाणी मागितलंस, आणि मी ते दिलं, आणि तरी सांगितलं नाही.

त्याच माघात वहिनीला पहिलं मोठं लग्न आलं. ती सकाळीच पुस्तक घेऊन आली, मेलेल्यांचा धवला वाचून दाखव म्हणाली. मी या वेळी छापलेलं तेच वाचलं. वाचण्याखेरीज इलाज नव्हता, ती ऐकून पाठ करून मांडवात म्हणणार होती आणि तिथं कुणी वाचता येणाऱ्यानं ते पुस्तकाशी ताडून पाहिलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिला राग आला नाही, ती गोंधळली.

“बाय, यान आपली मानसा नाय.”

मी म्हणाले, छापताना त्या लोकांनी बदललं असेल. ज्या बाईंनी मला वही दिली, पुस्तकं दिली, पुढे नोकरी लागेपर्यंत माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्यांच्यावर मी ते ढकललं. वहिनीनं मान हलवली, शहरातले लोक असंच करतात असं काहीसं म्हणाली आणि मलाच विचारलं की मग खरा तू सांग. मी सांगायला तोंड उघडलं असतं तर पुढे विचारलं गेलं असतं की तुला येतो तर तू लिहिला का नाहीस. मला कॉलेजात जायला उशीर होतोय म्हणून मी उठले. त्या लग्नात मेलेल्यांना बोलावलंच नाही. त्यानंतरच्याही नाही. वहिनी वारल्यावर आता हॉलमधल्या लग्नांत पोरी पुस्तकातलं म्हणतात, माईकवर, पैठण्या नेसून. चंदनाचं पाणी, चांदीचा पाट. लोक म्हणतात हा आपला जुना धवला. मी पुढच्या रांगेत बसलेली असते आणि तुझी मुलगी म्हणून कुणीतरी माझ्या हातात नारळ देतं. मी तो घेते.

गेल्या महिन्यात आपल्याच गावची एक मुलगी आलेली. कॉलेजात शिकते, जुने धवले गोळा करते. मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, आजी, मी पुस्तक वाचलंय, पण माझी पणजी सांगायची की तुमच्या आई गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलवायच्या, ते गाणं वेगळंच होतं. हुशार पोरगी आहे. तिनं मला दोष दिला नाही, नुसतं विचारलं की तुम्हाला त्यातलं काहीच आठवत नाही का. साठ-पासष्ट वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ विचारत होतं. मी तिला चहा दिला. मी तिला म्हणाले, नाही गं, आईचं सगळं त्या पुस्तकात आहे, त्यापलीकडे काही नव्हतंच.

सगळा धवला मला आता येत नाही, आये, हे खोटं नाही. आजी-आज्याच्या ओळी गेल्या, काकाच्या गेल्या. पण चार ओळी येतात. बाचं नाव येतं तिथपासूनच्या.